गळसरीला वाढवलेले मणी

गोदावन्सं गेल्याची चिठ्ठी कुंभार पिंपळगावहून आली तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानंच उघडली. वाचायला मी तिशीनंतर, मुलांच्या पुस्तकांवरून शिकले, त्यामुळं एकेक अक्षर लावत वाचते… त्या दिवशी मात्र एका नजरेत कळलं. महिना होऊन गेला त्याला.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. गळ्याला लिंबाएवढी गाठ घेऊन त्या शहरात, मस्तगडात आमच्याकडं आल्या, त्याला पाच वर्षं झाली. सुरी लागली की रोग पसरतो, असं सासूबाईंनी आधीच ऐकवलेलं. घरात सगळे धास्तावलेले, आणि या बाईला मात्र सगळं विचारून घ्यायचं होतं. इथल्या डॉक्टरांनी मागं उभं राहून गळ्यावर बोटं ठेवली, पाण्याचा घोट घ्यायला लावला. गाठ घोटाबरोबर वर सरकली. थायरॉइडचीच दिसते, म्हणाले.

"म्हंजे कॅन्सर हाये का न्हाई?"

"ते यावरून नाही कळत, बाई."

"मंग नुस्ता पत्ता कळला. आत कोण राहतंय ते न्हाई कळलं!"

डॉक्टर हसले. मग त्यांनी विचारलं, गाठ किती दिवसांत वाढली? दिवस कुणी मोजले नव्हते. पण वन्संना दागिने दोऱ्यात ओवून देणारा पटवेकरी आठवला. गळ्यालगतची गळसरी आवळायला लागली की वन्सं कुंभार पिंपळगावच्या बाजारात त्याच्याकडून मणी वाढवून घेत. पुढच्या बाजाराला आम्ही त्याला गाठलं.

"ताई, दोन साल एक मणी टाकला न्हाई. मंग पोळ्याला चार, दिवाळीला धा. म्हन्लं, बाई अंगानं भरून राह्यली!"

"अंगानं न्हाई रे बाबा, नुस्ती गळ्यानं!"

परत येऊन हे सांगितलं, तेव्हा डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, इतक्या जल्दी वाढतेय तर हैदराबादला जा, तुकडा काढून काचेखाली बघतील.

तिथं दवाखान्यात वन्संचा आवाज पहिल्यांदा कापला. "वैनी, सुरीनं खरंच पसरलं तर?" मग त्यांनी सर्जनलाच विचारलं. तो म्हणाला, काय आहे ते बघितल्याशिवाय किती कापायचं हे मी कशावरून ठरवू? "बराबर हाये," म्हणाल्या, आणि गळसरी सोडून माझ्या हातात दिली.

कॅन्सरच निघाला. गाठ काढली, आवाज घोगरा झाला, पण पुढं जवळजवळ पाच वर्षं त्या घोगऱ्या आवाजानं त्यांनी आमचं डोकं खाल्लं. शेवटी कॅन्सर परत आलाच.

तपासणीसाठी त्या आमच्याकडं उतरल्या की आसपासच्या बाया दवाखान्याचे कागद घेऊन यायच्या. कागद इंग्रजीत, कुणालाच कळायचे नाहीत. वन्सं म्हणायच्या, "कागद ऱ्हाऊ दे. तपासलं काय, अन् त्यातून काय कळणार हाये, इचारलंस का?" बाई न्हाई म्हणाली की तिला घेऊन परत डॉक्टरांच्या दारात.

परवा भोकरदनहून एक बाई आली. वन्सं गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. ऐकून ती उंबऱ्यावरच बसली, हातात कागद तसाच. मी विचारलं, "काय तपासलं म्हणाले?" तिला सांगता येईना.

मी चपला घातल्या.