देवळातला रहाट

वैशाखात आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या पिंडीवर गळती बांधतात. बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची घागर टांगायची, तिच्यातून दिवसभर थेंब थेंब पाणी पडत राहतं. महिनाभर ते थांबू द्यायचं न्हाई. घागर भरायचा मान आमच्या घराचा. मान घराचा, पण स्टुलावर चढायचे गुडघे माझे.

यंदा गुडघ्यांनी जवाब दिला. आमचे मालक साखर कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. म्हणाले, "आता तू चढूच नको. घागर आपली आपणच भरंल."

मोबाइलवर बघितलं होतं म्हणे. गंगाखेडहून सायकलचं बेअरिंग आणलं, तीन दिवस अंगणात ठोकठोक केली आणि इवलासा रहाट बनवला. पिंडीवरून वाहिलेलं पाणी चाकावर पडणार, चाकावरची बाटल्यांच्या बुचांची माळ तेच पाणी पुन्हा वर घागरीत ओतणार. कुणी हात लावायचा न्हाई!

"अहो, आमच्या माहेरच्या रहाटाला बैल होता. तुमच्या रहाटाचा बैल कुठाय?"

"तुला टेक्निकल कळायचं न्हाई."

शिकले मी चौथीपर्यंतच, पण नातीची विज्ञानाची पुस्तकं सगळी वाचते. थेंब पडताना जेवढा जोर देतो, तेवढाच त्याला परत तेवढं वर न्यायला लागतो. त्यात आस कुरकुरणार, दोरी घासणार, ते आपला वाटा आधीच काढून घेणार. मग थेंब वर पोचायचा कसा? पण बोलले न्हाई. माझ्या गुडघ्यांपायी माणूस तीन दिवस उन्हात बसला होता.

सोमवारी रहाट लावला. बोटानं ढकलला, दोन फेरे फिरून थांबला. मालकांनी तेल घातलं. तीन फेरे. बुचं बदलली. पुन्हा तीनच. तेवढ्यात गुरवाची म्हातारी आली.

"काय हो भाऊ, देवाच्या अंगावरून गेलेलं पाणी परत देवालाच घालायलात का?"

हे आमच्या दोघांच्याबी ध्यानात आलं नव्हतं! आणि या गडबडीत घागर रिकामी होत आलेली. मी कळशी उचलली, स्टुलाकडं निघाले. मालकांनी ती हातातून ओढून घेतली आणि स्वतःच वर चढले.

तेव्हापासून गळती थांबली न्हाई, मी हातबी लावला न्हाई. लोकांना मालक सांगतात, रहाट दुरुस्तीला हाय. रोज सकाळी देवळात निघायच्या आधी त्यांना चहा आणि चार बिस्किटं तेवढी लागतात. बैल कुठाय, हे मी परत विचारलं न्हाई.