‘जाते’ म्हणणारी मैत्रीण

बातमी माझ्या फोनने वाचून दाखवली. मला जन्मापासून दिसत नाही. फोनवर जे काही येतं ते त्यातली बाई मला घाईघाईने वाचून दाखवते, आणि लग्न असो की मरण, तिचा सूर एकच. त्या सकाळी मालाडला आमच्या स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापत होती आणि मी एम.ए.च्या वर्गाच्या ग्रुपवरचे निरोप ऐकत होते. हॉल तिकीट कधी मिळणार, तिसऱ्या पेपरच्या नोट्स कुणाकडे आहेत, आणि त्याच दमात, ‘आपली मैत्रीण स्वप्नाली आज पहाटे आपल्याला सोडून गेली.’ मग सगळ्यांनी हात जोडले. तुम्हाला ती चित्रं नुसती दिसतात, मला ऐकावी लागतात. ‘जोडलेले हात, जोडलेले हात, रडणारा चेहरा, जोडलेले हात...’ मध्येच पुन्हा कुणाचं तरी हॉल तिकीट, पुन्हा जोडलेले हात. फोन बंद करता आला असता. केला नाही. त्या बाईने काहीतरी चुकीचं वाचलं असेल, पुढे कुठेतरी दुरुस्ती येईल, असं वाटत राहिलं. आईने विचारलं, “काय गं, काय झालं?” मी म्हणाले, “स्वप्नाली गेली.” आई म्हणाली, “कुठे?”

आमच्या विद्यापीठात अंध मुलांसाठी एक केंद्र आहे. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर एक खोली, तिच्यात बोलणारे संगणक, पुस्तकं स्कॅन करायचं यंत्र, ब्रेलची जाडजूड पुस्तकं, आणि सगळ्यांची कामं मनापासून करणारे एक सर. परीक्षेला लेखनिक हवा असला की सर फोन फिरवतात, वर्ग तिसऱ्या मजल्यावर गेला की भांडून खाली आणतात. तक्रारीला जागाच नाही. पण कँटीनमध्ये माझ्याशी बोलायला कोण बसणार, हे सरांकडे कुठल्या तोंडाने मागायचं? पहिल्याच महिन्यात वर्गातली एक मुलगी माझ्यासमोर चहा घेऊन बसली. बरं वाटलं. मी रंगात येऊन बोलत सुटले... घरचं, शाळेचं, पहिल्या दिवशी वर्ग सापडेना तेव्हा कशी रडकुंडीला आले ते. शेजारच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं आणि एकजण म्हणाला, “अगं, ती कधीच गेली.” तिला फोन आला होता म्हणे, हाताने खूण करून गेली होती. मी किती वेळ रिकाम्या खुर्चीशी बोलत होते, देव जाणे. त्या दिवसापासून मी कुणाशी दोन वाक्यांच्या वर बोलायचं सोडलं. बोललेच तर मधूनमधून “हो ना?” विचारायचं, आणि उत्तर आलं तरच पुढे जायचं.

स्वप्नाली आली ती यंत्राच्या नालायकीमुळे. जुन्या छपाईचं मराठी पुस्तक दिलं की आमचं यंत्र गडबडतं, ‘पेशवे’चं ‘पेरावे’ करतं, आणि मग अख्खं प्रकरण कोण काय पेरतंय ते ऐकत बसायचं. इतिहासाच्या विद्यार्थिनीला हे परवडणारं नव्हतं, म्हणून सरांनी वाचायला माणूस बघितलं. माणूस धाडकन दार लोटून आलं आणि म्हणालं, “मी स्वप्नाली. तुझ्याच वर्गात आहे, मागच्या बाकावर. वाचनाचे क्रेडिट मिळणारेत म्हणून आलेय, समाजसेवा-बिवा नाय हां.” मला ती तिथेच आवडली. वाचायची भरधाव, आणि मध्ये स्वतःचं घालायची. “काय लिहिलंय हे यार, अर्धं पान झालं तरी वाक्य संपेना!” तास-दीड तास वाचून ती उठली, “चल, येते हं,” म्हणाली आणि बाहेर गेली.

मी थांबले. पाणी प्यायला गेली असेल, चहा आणायला गेली असेल. पुस्तकाचं पान बोटाने धरून बसले होते, ती आली की शोधावं लागू नये म्हणून. शेवटी शिपाई किल्ल्या वाजवत आला आणि म्हणाला, “मॅडम, बंद करायचंय.” दुसऱ्या दिवशी मी तिला धरलंच.

“येते म्हणालीस ना काल?”

“अगं, येते म्हणजे जाते!”

“मला कसं कळणार? तू दाराकडे चाललीस की खिडकीकडे, ते दिसतं का मला?”

ती अशी हसली की आतून सर ओरडले. आपल्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत, जाणारा माणूस येते म्हणूनच उंबरा ओलांडतो. डोळस माणसाला त्यात काही अडचण नाही, त्याला पाठ दिसते, पायात सरकवलेली चप्पल दिसते. हे इतक्या वर्षांत ना मला कुणाला सांगायला सुचलं होतं, ना कुणाच्या ध्यानात आलं होतं. “खरंच की गं,” स्वप्नाली म्हणाली. “चल, ठरलं. तुझ्यापाशी मी ‘जाते’ म्हणणार. शुभ-अशुभ गेलं खड्ड्यात.”

आणि दोन वर्षं ती म्हणत राहिली. “जाते, फोन करून येते.” “जाते गं नीते, बस आली.” कँटीनमध्ये सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणायची, लोक वळून बघायचे म्हणे, तिला त्याची फिकीर नव्हती. ती काही संत नव्हती हो. वेळेवर कधी आली नाही. कंटाळवाण्या तळटीपा गाळायची आणि वर ‘तळटीप नाहीच आहे’ असं बेधडक ठोकून द्यायची. एकदा माझी ओढणी उलटी होती तर दिवसभर बोलली नाही, संध्याकाळी म्हणाली, “झकास दिसत होती, म्हटलं राहू दे.” पण ती समोर असली की मी “हो ना?” विचारत नसे. ती आहे म्हणजे आहे, नसेल तेव्हा सांगून नसेल. त्या दोन वर्षांत मी पोटभर बोलले. आयुष्यात पहिल्यांदा.

मग तिला ताप आला. साधा ताप म्हणून घरीच होती, तो डेंग्यू निघाला. मी फोन केला तेव्हा आवाज पार बसला होता. “नीते, डोकं फुटतंय गं. परीक्षेच्या आत बरी होते की नाही बघ. ठेवते.” एवढंच. त्या बोलण्यात आता नाही नाही ते अर्थ शोधावेसे वाटतात, पण तसं काही नव्हतं. तिचं डोकं दुखत होतं आणि तिने फोन ठेवला.

परीक्षा तोंडावर, म्हणून ती गेल्यावर आठवड्याच्या आत सरांनी दुसरी वाचक दिली. गुणी मुलगी आहे, तळटीपासुद्धा वाचते. पहिल्या दिवशी वाचून झाल्यावर “येते हं ताई,” म्हणाली आणि गेली. मी तिला काही सांगितलं नाही. ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. वर्गातली मुलं जवळ येत, माझा हात धरून “वाईट झालं” म्हणत, मग हात सुटायचा आणि तो माणूस तिथे आहे की गेला ते मला कळायचं नाही. मी पुन्हा दोन वाक्यांवर आले.

बाराव्याच्या आधी घाटकोपरला तिच्या घरी गेले. आई येते म्हणत होती, मी नको म्हटलं. मेट्रोने एकटीच गेले, स्टेशनवर स्वप्नालीची मावशी घ्यायला आली होती. घरात सतरंजीवर बायका बसल्या होत्या, बांगड्या वाजत होत्या, कुणीतरी मधूनच नाक ओढत होतं. तिची आई आत पडून होती. मावशीने मला भिंतीशी बसवलं आणि म्हणाली, “सांग गं, कॉलेजात कशी होती आमची पोरगी?”

किती दिवसांनी कुणी मला बोल म्हणालं होतं. मी बोलत सुटले. यंत्राचे पेरावे सांगितले, येते-जातेची गंमत सांगितली. मग आमचं एकच मोठं भांडण झालं होतं, ते सांगायला घेतलं. वर्गाची सहल कान्हेरीच्या लेण्यांना निघाली होती आणि तिथे पायऱ्या फार, तेव्हा मी आले नाही तरी चालेल, असं विभागातल्या एका प्राध्यापकांनी परस्पर ठरवलं. स्वप्नाली मला न विचारताच त्यांच्याशी जाऊन तंडली. मला भयंकर राग आला. तुला कुणी सांगितलं होतं माझी वकिली करायला, मला तोंड नाही का, असं मी तिला सर्वांसमोर बोलले. मग तिच्या बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला, पावलं दाराकडे गेली, जिन्यावरून उतरली. एक शब्द न बोलता. झालं, म्हटलं, ही पण सगळ्यांसारखीच निघाली...

एवढं बोलून मी थांबले. पंखा फिरत होता. बांगड्या वाजत नव्हत्या. दुखवट्याच्या घरातून निघताना येते म्हणायचं नसतं, माणसं गुपचूप उठून चालू लागतात, ही रीत मलाही ठाऊक होती. पण माझ्यासारखीला ती किती महागात पडेल, ते तोवर डोक्यातच आलं नव्हतं. कँटीनमधली ती खुर्ची आठवली. मी हळूच विचारलं, “कुणी आहे का इथे?”

“मी आसंय गो.” समोरून, अगदी खालून, पुरुषाचा आवाज आला. “स्वप्नालीचो बापूस.”

बाबा दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन पंख्याबद्दल, असं स्वप्नाली सांगायची. ते तिथे बसलेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ते म्हणाले, “बाया गेल्या सगळ्या. मावशी आत आहे तिच्या आईजवळ. तू बोलत होतीस म्हणून मी उठलो नाही.” जरा वेळाने म्हणाले, “पुढे सांग ना. जिना उतरून गेली, मग?”

“मग परत आली काका. धापा टाकत. दारात उभी राहून म्हणाली, मी चिडलेय तुझ्यावर, खूप चिडलेय, आणि मी जातेय. सांगायचं राहिलं म्हणून आले. आणि खरंच गेली. मग दोन दिवस बोलली नाही.”

त्यांच्या घशातून कसला तरी आवाज निघाला. हसले की काय, मला कळलं नाही. “म्हणून होय,” ते म्हणाले. “घरी पण तसंच करायची. गॅलरीत गेली तरी सांगून जायची, जाते हो बाबा, जाते गो आये. तिची आई कावायची, जाते म्हणू नये म्हणून. आम्हाला वाटलं, कॉलेजात जाऊन पोरीला खूळ लागलं... आम्हाला तर डोळे आहेत. तरी सांगायची.”

नंतर बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. ते तिथे आहेत हे मला माहीत होतं, त्यामुळे गप्प बसणं जड गेलं नाही.

मला मेट्रोपर्यंत सोडायला तेच आले. अंध माणसाला कसं न्यायचं त्यांना ठाऊक नव्हतं, मीच त्यांचा कोपर धरला. भाजीवाले, रिक्षांचे हॉर्न, सगळ्यातून ते एक अक्षर न बोलता मला घेऊन गेले. सरकत्या जिन्याने वर आलो, बॅगा तपासतात तिथे ते थांबले. मी कोपर सोडला. ते लगेच हलले नाहीत. असं काही बोलायची त्यांना सवय नसावी, एकदा नुसतेच खाकरले.

“जातो मी,” ते म्हणाले.

“हो काका,” मी म्हटलं. मग त्यांच्या चपलांचा आवाज गर्दीत मिसळून गेला, आणि आता माझ्याजवळ कुणी नाही, हे मला नीट कळलं.