फेस लावून बघ

बाबा होते तोवर लातूरच्या घरात सिलेंडर बदलण्याचा मान त्यांचा एकट्याचा. एरवी पाण्याचा पेलाही हातात आणून द्यावा लागणारा हा माणूस सिलेंडर संपला की बाह्या सरसावून स्वयंपाकघरात शिरायचा. आधी खिडक्या उघडायच्या, शेगडीची बटणं बंद आहेत का बघायची आणि मग आईला म्हणायचं, "हलव तुझे देव." आमचं देवघर स्वयंपाकघरातच, आणि दिवा फुंकर मारून विझवणं आईला जन्मात जमलं नसतं. ती पेटता दिवा पदराआड धरून बाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवायची. रेग्युलेटर खट् करून बसला की बाबा वाकून नाक लावायचे, खोल श्वास घ्यायचे आणि निकाल सांगायचे. निकाल नेहमी चांगलाच असायचा. तरी आम्ही दोघं भावंडं श्वास रोखून उभी राहायचो.

करोनाच्या साथीत आई-बाबा दोघांनाही ताप आला. बाबा दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. त्यांना शेवटचं बघायलाही मिळालं नाही आम्हाला. आई घरीच बरी झाली, पण तिला वास कळेनासा झाला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. काही महिन्यांनी मी नांदेडहून फोनवर विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आला की. मागंच आला." मी शाळेत मास्तरीण आहे, खोटं बोलणारी पोरं मी चेहऱ्यावरून ओळखते. पण फोनवर चेहरा कुठे दिसतो? मी निर्धास्त झाले.

मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी न कळवताच लातूरची बस धरली. घरी पोचले तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. दारातच गॅसचा असा भपकारा आला की मी चपलांसकट आत धावले. आई आत देवघरापुढे बसली होती. निरांजनात वात घालून झाली होती आणि हातात काडेपेटी होती.

"आई, काडी टाक! टाक ती!"

"अगं, आल्या आल्या काय ओरडून राहिलीस? लोक काय म्हणतील?"

मी तिच्या हातातली पेटी हिसकावली. दिव्याचं बटण दाबायला गेलेला माझाच हात कसाबसा मागे घेतला. अंधारात चाचपडत रेग्युलेटर बंद केला, काढला, सिलेंडरला टोपी लावली, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि आईला दंडाला धरून ओट्यावर आणून बसवलं. ती मात्र माझ्यावर रुसून बसली होती. देवापुढे दिवा लागला नव्हता ना अजून.

सिलेंडर सकाळीच आला होता. आणणाऱ्यानेच घाईघाईत जोडून दिला होता आणि आतलं रबराचं वायसर फाटलेलं होतं. कुणाच्याही नाकाने हे दहा मिनिटांत ओळखलं असतं. नशीब, भाकऱ्या आधीच झाल्या होत्या; आई दिवसभर त्या वासात बसून शेंगा निवडत होती.

"वास यायला लागला म्हणाली होतीस ना?"

तिने पदराने कपाळ पुसलं. "तसं म्हणले नसते तर तुम्ही मला इथं राहू दिलं असतं का?"

तिथून आमचं भांडण सुरू झालं आणि वर्षभर चाललं. मी म्हणायचे, नांदेडला चल. पुण्याहून भाऊ म्हणायचा, इंडक्शन घे, डबा लाव. इंडक्शनवर भाकरी होत नाही आणि दुसऱ्याच्या हातचा डबा घशाखाली उतरत नाही, हे आईचं उत्तर तयार. भावाने गॅस ओळखून ओरडणारं एक यंत्र पाठवलं. ते मिरचीच्या फोडणीलाही बोंबलायला लागलं, तेव्हा आईने त्याची पिन काढून ते कपाटावर ठेवून दिलं. शेजारच्या मावशींना मी सांगून ठेवलं की रोज एकदा येऊन वास घेत जा. मावशी रोज यायच्या, पण तोंडात मशेरीची चिमूट घेऊन. त्यांना मशेरीशिवाय दुसरा कसला वास येत असेल असं मला वाटत नाही. मी रोज सकाळी फोन करायचे आणि तिने उचलेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. शाळेत फळ्यावर लिहितानाही माझ्या डोळ्यांपुढे ती काडेपेटीच यायची.

"एवढं काय ठेवलंय तुझं त्या घरात?" एकदा मी चिडून विचारलं.

"इथं तुझे बाबा हायेत," ती म्हणाली.

बायका असं बोलतात, म्हणून मी ते सोडून दिलं.

शेवटी मीच हात टेकले. म्हटलं, ठीक आहे. तुझ्या हाताने सिलेंडर जोडून दाखव, माझ्यासमोर, एकही चूक न करता. मग मी नांदेडचं नाव काढणार नाही. नाक नाही तर डोळे आहेत. वाटीत साबणाचा फेस कर आणि जोडावर लाव. गॅस येत असेल तर बुडबुडे फुगतात. फुगे दिसले की बंद कर आणि मला फोन कर. घराबाहेर येऊन कर.

"काडी लावून बघितलं तर?" तिने विचारलं. तिची एक जाऊ म्हणे तसंच बघायची.

मी देवघरापुढची काडेपेटी उचलून वरच्या फळीवर ठेवली.

"बरं, बरं. फेस तर फेस," ती म्हणाली.

थंडीच्या दिवसांत सिलेंडर आला तेव्हा मी मुद्दाम रजा काढून गेले. मी दाराला टेकून उभी राहिले आणि एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं. मनातून मात्र मला वाटत होतं की तिचं चुकावं. एकच चूक, म्हणजे मी तिला घेऊन जायला मोकळी.

ती चुकली नाही. दिवा पदराआड धरून ओट्यावर नेला, खिडक्या उघडल्या, शेगडीची दोन्ही बटणं बोट लावून बघितली. नवा सिलेंडर उभा नीट टेकवला, दोरी ओढून टोपी काढली आणि चष्मा पुसून आतलं वायसर बघितलं. रेग्युलेटरची काळी कडी वर धरून तो सरळ बसवला, कडी सोडली, आवाज ऐकला. वाटीतला फेस बोटाने जोडाभोवती असा लावला, जसं लहानपणी आमच्या गुडघ्यांना मलम लावायची. मग रेग्युलेटर चालू करून ती खाली बसली आणि डोळे बारीक करून बघत राहिली. फेस होता तसाच होता. हळूहळू तो आपोआप विरून गेला.

"तू घेऊन बघ वास," ती म्हणाली. "आणि खरं सांग."

मी वाकले. स्वयंपाकघरात फक्त साबणाचा वास होता. "काही नाही, आई. पास झालीस."

ती खुदकन हसली. बाबा गेल्यापासून तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं. आता हिला इथून हलवणं नाही, हे मला कळून चुकलं आणि वाईट वाटलं; पण तिचा अभिमानही वाटला. हात धुऊन ती आतल्या खोलीत गेली. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात बाबांचा तपकिरी मफलर होता, घडी न मोडलेला.

"वास घेऊनच राहिलीस तर हे पण बघ."

मला समजेना.

"दवाखान्यात जाताना काढून ठेवलेला, शेवटचा त्यांच्या अंगावरचा हाय. धुतला न्हाई, घराबाहेर नेला न्हाई, वास उडंल म्हणून. मी रोज काढते, तोंडाशी धरते, ठेवते. मला काहीच कळत न्हाई. पण हाय ना त्याच्यात? त्यांच्या तेलाचा, त्यांचा. गॅसचं सांगितलंस तसं सांग. उगं मला बरं वाटावं म्हणून न्हाई."

मी मफलर नाकाशी नेला. डांबराच्या गोळ्यांचा वास डोक्यात गेला, डोळ्यांत पाणी आलं. मी पुन्हा घेतला, घडी उलगडून आतल्या बाजूने घेतला, गळ्याकडची कड शोधली. बाबा माक्याचं तेल लावायचे, वेलदोडा चघळायचे. त्यातलं काही सापडावं म्हणून मी खूप धडपडले. तिच्या मागे आतल्या खोलीतलं कपाट उघडंच दिसत होतं. कप्प्यात पांढऱ्या गोळ्यांचा हा ढीग पडला होता. कसर लागू नये म्हणून ती टाकत गेली होती, आणि किती झाल्या हे तिला सांगायला नाक नव्हतं.

'येतोय' म्हणायला काय लागतं? एक शब्द. तो माझ्या ओठांवर आला होता. पण ती माझ्या तोंडाकडे तशीच बघत होती, डोळे बारीक करून, मघाशी फेसाकडे बघत होती तशी.

"गोळ्यांचा येतोय, आई. फक्त गोळ्यांचा."

ती रडली नाही. मफलर माझ्या हातातून घेऊन तिने पुन्हा घडी घातली.

"मीच टाकल्या की," ती म्हणाली. आत जाऊन कपाटाचं दार लावून आली आणि म्हणाली, "मग चल."

"कुठे?"

"नांदेडला. कधीची गाडी हाय?"

वर्षभर मी हेच ऐकायला जिवाचा आटापिटा केला होता. आता मात्र मीच तिचा हात धरला. "आई, राहा की इथे. तुला सगळं नीट जमतंय. मी नाही आता काही म्हणणार. राहा."

तिने माझ्याकडे बघितलं.

"कशाला?" ती म्हणाली.