तात्यारावांची खळ

बिबवेवाडीतल्या तात्याराव ओव्हाळांना कुणी म्हणालं, ‘वाचायला काहीतरी सुचवा,’ की ते आधी त्याला नखशिखान्त न्याहाळत. मग कपाटातून एखाद्या फुटबॉलपटूचं आत्मचरित्र निघे. दुसरं काही निघतच नसे. खडकीच्या कारखान्यात नोकरी झाली, कारखान्याच्याच संघात बचावाला खेळून गुडघा गेला, आणि उरली ती पदपथावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून जमवलेली ही इंग्रजी पुस्तकं. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यांनी ती सगळी वाचली होती. केबलवर परदेशी सामने दिसायला लागले, तसे सोसायटीतले कॉम्प्युटरवाले तरुणही त्यांच्या दाराशी येऊ लागले.

“गोल करणाऱ्याचं नका नेऊ, नुसत्या बढाया असतात,” तात्याराव सांगत. “गोलकीपरचं न्या, नाहीतर बचाववाल्याचं. स्वतःची पेनल्टी हुकली ते ज्यानं सरळ लिहिलंय, तोच खरा. बाकीचे थापाडे. आणि हो, पान फाटलं तर परत या घराची पायरी चढायची नाही.”

त्यांना सगळं जगच थापाडं दिसे. दूधवाला पाणी घालतो, रिक्षाचं मीटर पळतं, आणि पुस्तक नेणारा न वाचताच ‘छान आहे’ म्हणत परत आणतो! या शेवटच्या रोगावर त्यांनी औषध काढलं होतं. हुकलेल्या पेनल्टीच्या जागी दोन पानांच्या कडा कणकेच्या खळीने अलगद चिकटवून ठेवायच्या. वाचणारा त्या सोडवणारच. चिकटलेल्या परत आल्या, की चोर सापडला. तोंडावर ते काही बोलत नसत. त्या माणसाला पुन्हा पुस्तक मात्र मिळत नसे.

या खळीत त्यांची स्वतःची मुलगीही सापडली होती. दहावीच्या सुट्टीत कल्याणीने एका बचाववाल्याचं आत्मचरित्र मागून नेलं, ‘खूप आवडलं, बाबा’ म्हणत परत दिलं, आणि पानं जशीच्या तशी! तात्यारावांच्या ते फार जिव्हारी लागलं. पोटची पोर आपल्याशी खोटं बोलते? ते पुस्तक त्यांनी मागच्या रांगेत ढकललं. कल्याणी थोडे दिवस दुसरं मागत राहिली, मग मागेनाशी झाली.

तीच कल्याणी आता हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, आणि एका रविवारी तिने यवतमाळच्या सुदर्शनला घरी आणलं. दोघांना लग्न करायचं होतं. त्याच्या घरचे आपल्या पोरीला नीट नांदवतील ना, हा तिच्या आईचा, हिराबाईंचा घोर. तात्यारावांचा वेगळाच. जिला न वाचलेलं पुस्तक आवडतं, तिला माणूस काय कळणार? त्यात पोरगा आल्या आल्या म्हणाला, “फुटबॉल तर मलाही आवडते ना, काका. काय वाचू, तुम्हीच सांगा.”

झालं! याला घरातूनच कुणीतरी पढवलंय, हे तात्यारावांनी ताडलं. ते उठले आणि मागच्या रांगेतलं तेच पुस्तक त्यांनी काढलं. दमही नेहमीचाच दिला.

“अहो, जावई बघताय की गोलकीपर?” हिराबाई म्हणाल्या.

पुस्तक परत आलं तेव्हा सुदर्शन भरभरून बोलत होता. तात्यारावांचा अंगठा हळूच कडेवरून फिरला. पानं चिकटलेलीच! मनातल्या मनात त्यांनी शिट्टी फुंकली.

“पेनल्टी कशी हुकली हो त्याची?”

“तेच तर नाही कळलं, काका. तिथली पानं चिकटलेली होती. जरा ओढून पाहिलं, तर कागद सुटायला लागला. म्हटलं, तुमचं पुस्तक फाटलं तर? उजेडात धरून थोडंसं वाचता आलं, बाकी अंदाज बांधला. कुठे मारली होती त्यानं?”

“कारण तयारच आहे म्हणायचं,” तात्याराव कोरडेपणाने म्हणाले. “ती खळ मी लावलीय. वाचणारा पानं सोडवतो. न वाचणाऱ्याला असं काहीतरी सुचतं.”

सुदर्शनचा चेहरा उतरला. चहाचा ट्रे आणणारी कल्याणी दारातच थबकली. ट्रे ठेवून तिने ते पुस्तक हातात घेतलं.

“हे माझंच ना? दहावीतलं?” तिने कडेवरून बोट फिरवलं. “बाबा, मीपण उजेडातच धरून वाचलं होतं. पान फाटलं तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतंत.”

मग ती हलकेच म्हणाली, “म्हणून दुसरं पुस्तक दिलं नाहीत? मला वाटायचं, मी मुलगी आहे म्हणून.”

तात्यारावांना मान वर करवेना. फाडू नका असा दम देणारे तेच, आणि दम ऐकणाऱ्याला खोटं ठरवणारेही तेच. या पोरीने इतकी वर्षं हे मनात ठेवलं, आणि आपण मात्र तिच्यावरच रुसून बसलो! त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी पुस्तक तिच्या हातून घेतलं आणि चिकटलेली कड चहाच्या वाफेवर धरली. पानं सुटली, पण कोपरा टरकन गेला.

“बाबा, फाटलं!”

“फाटू दे,” तात्याराव म्हणाले आणि पुस्तक तिच्यापुढे धरलं. “मोठ्यानं वाच. त्यालाही ऐकायचंय.”