शपथ सुटली म्हण

"तो गंधार नव्हताच," रवींद्र तिसऱ्यांदा म्हणाला. "तो छत्तीस नंबर होता. गंधारचा अडतीस. लांबच्या कॅमेऱ्यात सहा आणि आठ सारखेच दिसतात."

"नंबर गेला चुलीत," मृणालिनी म्हणाली. "पोटच्या पोराची चाल कळत नाही मला? किक मारली आणि समोरच्या टीमच्या बाकांकडे पळत गेला. कुणीतरी खांद्याला धरून वळवला त्याला."

शनिवारची सकाळ होती. सातासमुद्रापार, हॉर्नबी नावाच्या उपनगरातल्या त्या स्वयंपाकघरात पोहे केव्हाचे गार झाले होते. भांडण मात्र मागच्या रविवारपासून गरमच होतं. टेबलाच्या कडेला रवींद्रची आई, शुभाताई, कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मुलगा-सून भांडत असताना हातात निवडण्यासारखं काहीतरी असलेलं बरं, हा त्यांचा जुना अनुभव. जुडी निवडून झाली होती, आता त्या निवडलेलीच पुन्हा निवडत होत्या.

तो गंधारच होता. हे त्या घरात एकट्या शुभाताईंना पक्कं ठाऊक होतं. आणि उद्या सकाळी आठ वाजता तो पुन्हा मैदानात उतरणार होता.

गंधार म्हणजे रवींद्र-मृणालिनीचा थोरला, वीस वर्षांचा. नऊ वर्षांचा असताना पुण्याहून इकडे आला, शाळेत रग्बी खेळला, आणि त्याची किक अशी उंच जायची की कुणीतरी तिचा व्हिडिओ अमेरिकेला पाठवला. नेब्रास्कातल्या एका लहानशा कॉलेजानं त्याला बोलावून घेतलं, अमेरिकन फुटबॉल खेळायला. ज्या कॉलेजांचे सामने टीव्हीवर दिसतात आणि लाखभर माणसं बघायला येतात, त्यातलं हे नव्हे. हे खालच्या फळीतलं. मैदानामागे धान्याची कोठारं, आणि गर्दी एखाद्या बऱ्यापैकी लग्नाला जमेल तेवढी. सामना कॉलेजच्या वेबसाइटवर दिसायचा, एकाच कॅमेऱ्यातून, माणसं मुंगीएवढी. तिकडची शनिवारची दुपार म्हणजे इकडची रविवारची सकाळ, त्यामुळे सप्टेंबरपासून दर रविवारी हे घर अंघोळीआधी लॅपटॉपसमोर बसत होतं.

शुभाताई सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्यांनी खेळ स्वतःपुरता समजून घेतला होता. चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला चार संधी. तिसरी वाया गेली की बहुतेक वेळा किक मारणाऱ्याला बोलावतात आणि चेंडू लांब भिरकावून देतात. "म्हणजे सगळ्यांचं सगळं फसलं की आपल्या पोराला हाक मारतात," असं त्या पहिल्याच रविवारी म्हणाल्या आणि सिद्धी, त्यांची धाकटी नात, हसून लोळली. यंदा त्या टीमचं बरंच काही फसत होतं. दहा सामन्यांत दोन जिंकले. गंधार सारखा मैदानात दिसायचा.

"आणि किकरला धक्का लावला तर धक्का लावणाऱ्यालाच दंड होतो," हे रवींद्रचं पालुपद. मृणालिनीला तो ते सप्टेंबरपासून ऐकवत होता. त्यात खोटं काही नव्हतं. पण दंड किक मारेपर्यंतचा. एकदा चेंडू समोरच्यानं झेलला आणि तो घेऊन उलटा धावत सुटला की किकरही बाकीच्यांसारखाच एक.

दिवाळीच्या आदल्या रविवारी तेच झालं. समोरचा धिप्पाड पोरगा सगळ्यांना चुकवून निघाला, पुढे एकटा गंधार उरला. रग्बीत शिकवलेलं विसरला नव्हता तो. खाली वाकला आणि त्याच्या पायांत घुसला. त्या पोराचा गुडघा हेल्मेटवर बसला. दोघं पडले, चेंडू तिथंच अडला, लोक उभे राहिले. गंधारही उठला, जरा उशिरानं, आणि हात वर केला. कॉलेजानं ती पंधरा सेकंदं वेगळी काढून फेसबुकवर टाकली. रवींद्रनं ती मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकली, 'आमचा वाघ' असं लिहून. चौसष्ट जणांनी टाळ्या पाठवल्या. शुभाताईंनी स्वतः ती पुण्याच्या सगळ्या भाच्यांना पाठवली होती. आता ती त्यांना उघडवत नव्हती.

कारण त्याच आठवड्यात गुरुवारी दुपारी, घरात कुणी नसताना, गंधारचा फोन आला.

"आजी, डोकं खूप दुखतंय. हीप्स."

उजेड सहन होत नाही, एकदा उलटी झाली, खोलीचे पडदे लावून बसलोय, असं त्यानं मोडक्या मराठीत सांगितलं. आईबापाशी तो इंग्रजीशिवाय बोलत नसे. मराठी आजीसाठी राखून ठेवलेली. शुभाताईंच्या मनात लगेच नाव तयार होतं: अर्धशिशी. त्यांच्या आईला होती, त्यांना होती, इथला वायव्येचा गरम वारा सुटला की अजून उठायची. पोरानं घराण्याचं दुखणं उचललं म्हणून त्यांना जरा आपलेपणाच वाटला. अंधारात पडून राहा, म्हणाल्या, सुंठ उगाळून कपाळावर लेप दे. सुंठ तिकडे कुठं मिळणार, म्हणून उशिराच्या दिवाळीच्या पार्सलात चकल्यांच्या डब्याशेजारी त्यांनी ती कागदात गुंडाळून घातली. मृणालिनीनं विचारलं, हे कशाला? सर्दीला असू दे, म्हणाल्या.

"ममला सांगू नको," गंधार म्हणाला होता. "ती टीमच्या ट्रेनर बाईला फोन करेल, लागलं-दुखलं बघते ती. मग मला बाहेर बसवतील. माझ्या गळ्याची शपथ घे."

त्यांनी घेतली. ही शपथ तो शिकला होता ती त्यांच्याकडूनच. सहा वर्षांचा असताना लोणच्याची बरणी फोडली होती, आजोबांना सांगणार नाही म्हणून आजीला गळ्याशी चिमटी धरायला लावली होती. ज्याच्या गळ्याची शपथ तोच ती सोडवू शकतो. त्यानं 'सुटली' म्हणेपर्यंत बोलायचं नाही.

बोलायचं नाही हे शुभाताईंना जड नव्हतं. पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं काढली. ट्रंक कॉल जोडताना लाइन लागली का हे ऐकावंच लागे, आणि जे कानावर पडे ते तिथंच टाकून घरी यायचं अशी शिस्त. शेजारणीचा मुलगा बंगलोरला नापास झाला हे शेजारणीच्या आधी त्यांना कळलं होतं, आणि त्याच संध्याकाळी तिच्याकडे हळदीकुंकवाला जाऊन, मुलगा काय म्हणतो हो, असं विचारून त्या परत आल्या होत्या.

त्यांच्या या गुणाचा नवऱ्याला, गोविंदरावांना, फार अभिमान. इतका की शेवटी त्यांनी त्याचा स्वतःसाठीही उपयोग करून घेतला. इथं मोठा भूकंप झाला त्या वर्षी रवींद्र तडे गेलेल्या इमारती तपासत दिवसदिवस फिरत होता आणि तिकडे गोविंदरावांचं हृदय थकत चाललं होतं. त्याला कळवायचं नाही, त्याचं लक्ष उडालं तर डोक्यात काहीतरी पडेल, माझ्या गळ्याची शपथ. शुभाताईंनी चार रविवार फोनवर 'बाबा फिरायला गेलेत' असं सांगितलं. पाचव्या आठवड्यात रवींद्र आला तेव्हा तिसरा दिवस होता. तो आईला एक अक्षर बोलला नाही. फक्त तेव्हापासून फोनवर त्याचं पहिलं वाक्य 'कशी आहेस' नसतं. 'आई, खरं सांग' असतं.

मग गेला रविवार आला. गंधार चुकीच्या बाकांकडे पळाला. मृणालिनी ओरडली, रवींद्रनं नाही म्हटलं, आणि शुभाताईंनी चष्मा पुसायला घेतला. अर्धशिशीत माणूस दिशा चुकत नाही, हे त्यांना त्या घटकेला समजलं होतं. तरी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मैदान मोठं, दोन्हीकडची बाकं सारखीच.

परवा गुरुवारी पुन्हा फोन आला. सुंठ मिळाली म्हणाला. चकल्या छान होत्या म्हणाला. जरा वेळानं पुन्हा सुंठ मिळाली म्हणाला. मग म्हणाला, "आजी, आजोबा झोपलेत का?"

गोविंदराव जाऊन पाच वर्षं झाली होती.

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मग तो हसला. "सॉरी. आय मीन, सगळे. सगळे कसे आहेत?" पस्तीस वर्षं तारेवरची माणसं ऐकलेल्या कानांना ते हसू हसू वाटलं नाही. पोर घाबरलं होतं.

"शपथ सुटली म्हण, गंधार."

"नो वे, आजी. एकच मॅच राहिली."

"सुटली म्हण, राजा."

"संडेनंतर म्हणतो. स्वीट अ‍ॅज." सगळं झकास, असा त्याचा इकडचा शब्द. आणि त्यानं फोन ठेवला.

काल सिद्धी शाळेतून आली तेव्हा शुभाताईंनी आडून विचारलं, तुमच्याकडे खेळताना कुणाच्या डोक्याला लागलं तर काय करतात? सिद्धी टोस्टला मार्माइट लावत होती. तीन आठवडे खेळायचं नाही, म्हणाली, कोच कितीही रडला तरी. का, असं विचारल्यावर तिनं सुरी चाटली आणि सांगितलं, "पहिलं बरं व्हायच्या आधी सेकंड हिट झाला ना, तर माणूस मरू शकतो, आजी." पोरं आजकाल हवापाणी सांगावं तसं मरण सांगतात.

शिकलेल्या बाई त्या. शपथेनं कुणी मरत नाही, हे त्यांना कळत होतं. कळत होतं आणि तरी कालपासून हात पुन्हा पुन्हा स्वतःच्या गळ्याशी जात होता. मोडली तर पोराच्या गळ्यावर, पाळली तर पोराच्या डोक्यावर. देवापुढे बसून विचारावं तर देवानंही कुणाची तरी शपथ घेतल्यासारखं तोंड केलेलं.

"उद्या वरच्या फळीतल्या कॉलेजाचा माणूस येणार आहे त्याला बघायला," रवींद्र म्हणत होता. "आणि तू त्याला बसवायला निघालीस. कशावरून? तुला चाल कळते यावरून?"

तेवढ्यात कपाटातले कप किणकिणले. जमीन दोन सेकंद हलली आणि थांबली. सगळ्यांनी, इअरफोन घालून बसलेल्या सिद्धीनंही, सवयीनं टेबलाची कड धरली, सवयीनं सोडली. मृणालिनी पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडणार, तोच रवींद्रचं लक्ष आईकडे गेलं. तिनं कड सोडलेली नव्हती.

"आई," तो म्हणाला. "खरं सांग."

शुभाताईंनी कोथिंबीर बाजूला सारली.

"तो गंधारच होता," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आधीपासून डोकं दुखतंय त्याचं. उजेड चालत नाही. परवा मला विचारत होता, आजोबा झोपलेत का."

सिद्धीनं कानातले इअरफोन काढून टेबलावर ठेवले. मृणालिनी खुर्चीत बसली, आणि बसल्यावर तिला पार्सल आठवलं.

"तुम्ही त्याला सुंठ पाठवलीत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं.

रवींद्र म्हणाला, "पुन्हा तेच केलंस, आई." मग तो उठला, खिडकीशी गेला, तो पंधरा सेकंदांचा व्हिडिओ फोनवर लावला आणि बघून बंद केला. आधी गंधारशी बोलू, म्हणाला. त्याला न विचारता परस्पर कळवलं तर तो जन्मात माफ करणार नाही. हंगामाचा शेवटचा सामना आहे, पोर तीन महिने मार खाऊन इथवर आलंय, त्याचं म्हणणं तरी ऐकू. मृणालिनी म्हणाली, त्याचं म्हणणं मला पाठ आहे, स्वीट अ‍ॅज. तू विचारणार, तो हसणार, तू फोन ठेवणार. रवींद्र म्हणाला, मग तू काय करणार? आणि बघता बघता दोघं पुन्हा सुरू झाले: फोन कुणी करायचा, कुणाला करायचा, काय सांगायचं, पोराचं मन मोडलं तर कुणाच्या नावावर.

शुभाताईंनी त्यांचं काही वेळ ऐकून घेतलं. त्यात त्यांना पलीकडचा श्वास ऐकू येत होता. भिंतीवरचं घड्याळ नऊला टेकलं होतं. नेब्रास्कात शुक्रवारची दुपार असणार, ऑफिसं उघडी असणार. वेळेचा फरक त्यांना कधी मोजावा लागला नव्हता. गळ्याशी गेलेला हात त्यांनी खाली घेतला, निवडलेली कोथिंबीर डब्यात भरली, डब्याचं झाकण लावलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

"गंधार उद्या खेळणार नाही," त्या म्हणाल्या. "सिद्धी, त्या ट्रेनर बाईचा नंबर काढून दे. बोलणार मी आहे, आणि मी बोलत असताना तुम्ही दोघांनी मध्ये बोलायचं नाही."