सुनंदाताई आणि वर न जाणारा हात

डॉक्टर सुनंदाताईंच्या साठीनिमित्त लेख द्या, असे गौरव समितीची माणसे सांगून गेली, तेव्हा मला पहिली शंका आली ती त्यांच्याच हेतूची. तासगावच्या द्राक्षबागांत बायकांची टोळी घेऊन जाणाऱ्या मुकादमणीला लेख कोण मागते? स्वभावच संशयी, त्याला काय करणार. ताईंची ओळखही संशयातूनच झाली.

आमच्या टोळीत लता होती. विरळणीच्या दिवसांत मांडवाखाली हात वर करून घडातले जादा मणी दिवसभर कापावे लागतात. लता अर्ध्या तासात हात खाली घ्यायची. विचारले तर "अंग दुखतंय" एवढेच. बाई कामचुकार आहे अशी माझी खात्री झाली. तिचे सोंग उघडे पाडावे म्हणून मीच तिला ताईंच्या दवाखान्यात नेले.

ताईंनी तिला हात वर करायला सांगितले. हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. मग त्यांनी मला बाहेर बसवले. दोघी आत बराच वेळ बोलत होत्या, तेव्हा यांचे आधीच संगनमत असणार असे मला वाटत होते.

बाहेर येऊन ताई म्हणाल्या, "मालनबाई, लता हो म्हणाली म्हणून सांगते. काखेत गाठी आहेत. पिकतात, फुटतात, पुन्हा येतात. सात वर्षं सोसतेय ती."

"काखमांजरी व्हय? अंग नीट धुतलं न्हाई की उठती ती."

"ही सारखी येणारी आहे. अस्वच्छतेनं होत नाही आणि एकीची दुसरीला लागतही नाही. कायमची जाईल असं मी म्हणणार नाही, पण आटोक्यात ठेवता येते."

मला ते पटले नाही. त्या संध्याकाळी घरी जेवताना लताच्या गाठींचे सांगून मी मोठ्याने म्हणाले, "असली घाणेरडी बाई मला टोळीत नको." पण ताईंनी निरोपावर निरोप धाडले. दुखणे उसळेल तेव्हा तिला बसून बेदाणा निवडायचे काम द्या, म्हणाल्या. मी कुरकुरत दिले.

लतासोबत जाऊ लागले तसे कळले की ताईही कमी संशयी नाहीत. पेशंटची पिशवी त्या टेबलावर रिकामी करायला लावतात. दुकानदाराने दिलेली ट्यूब, कुणी सांगितलेला पाला, सगळे बाहेर निघते. गाठ पिळलीत का, ब्लाउज घट्ट आहे का, पाळीच्या आधी वाढते का, हे दोनदा विचारतात. तंबाखूने गाठी वाढतात म्हणतात, आणि लपवून लावलेली मिश्री त्यांना बोटावरून कळते. गोळ्या सोडल्या नाहीत म्हटले, तर रिकामी पाकिटे मागतात. पण हे सगळे दार लावून. तिथले कुणाच्या सासूला कळले, असे मी अजून ऐकलेले नाही.

वर्षभरात लताचा हात बराच वर जाऊ लागला. मी चोरून पाहून खात्री केली.

पुढे तीन वर्षांनी माझी मुलगी स्वाती ताईंच्या दवाखान्यातून बाहेर पडताना मला दिसली. कॉलेजला सांगलीत असायला हवी ती इथे कशी? माझ्या मनात नको नको ते आले. मी तडक आत शिरले. ताई म्हणाल्या, "मुलगी सज्ञान आहे. तिलाच विचारा, आणि भांडायला म्हणून विचारू नका." मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांनी ऐकून घेतले, पण एक अक्षर सांगितले नाही.

घरी स्वातीने बाही वर करून काख दाखवली. दहावीपासून गाठी होत्या.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"लताकाकीविषयी जेवताना काय बोललीस, ते मी ऐकलं हुतं. त्याच आठवड्यात मला पयली गाठ आलेली. मग कशी सांगू?"

दुसऱ्या दिवशी ताईंची माफी मागायला गेले, तर म्हणाल्या, "माझं राहू द्या. आधी लताकडे जा." मी गेले. लताने चहा केला, पण फारसे बोलली नाही. तिचे बरोबरच होते.

ताईंना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो. यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. माझ्यासारख्या आया गावोगावी आहेत, आणि त्यांच्या मुलींना आपले दुखणे सांगायला कुणीतरी असावे लागते.