झुराकान एजेची आत वळलेली पावलं

आमच्या गावच्या दवाखान्यातली नर्स झुराकान एजे, म्हणजे सगळ्यांची थोरली ताई, चालते तेव्हा तिच्या पायांचे अंगठे एकमेकांच्या कानाशी लागतात. पळायला लागली मात्र, की भलेभले मागे. दर वसंतात ती गावातल्या सगळ्या पोरांचे बूट-मोजे उतरवते, त्यांना चालवते, वाकवते आणि आयांना झापते, "अंगठा दुमडलाय बुटात! थोरल्याचे जुने बूट धाकट्याला घालू नका!" ही तपासणी सुरू व्हावी म्हणून जिल्ह्याच्या कचेरीत मी टेबलं बडवलीत. आयती नाही मिळालेली.

यंदा सालिका आजी नातीला घेऊन दवाखान्याच्या दारातच अडली. आयझिरेक तीन वर्षांची, चालताना एका बाजूला झुकायची. दोष कुणाचा? एजेचा! पोर पहिली पावलं टाकू लागली तेव्हा रीतीप्रमाणे तिच्या पायांत काळा-पांढरा दोरा बांधून बाकीच्यांची शर्यत लावली होती. एजे पहिली आली, म्हणून दोरा तिने कापला. आणि कापणाऱ्याची चाल पोराला लागते, हे इथे शेंबडं पोरही सांगेल.

"बिघडवलंस तूच, आणि तपासणार पण तूच?" आजी कडाडली. "मी पुन्हा दोरा बांधणार. तू पळायचं नाहीस!"

एजे मला हळूच म्हणाली, "खुब्याचा सांधा जागेवर नसावा. शहरात न्यायला हवी. जितका उशीर, तितकं अवघड."

"थांब, म्हातारीला सरळ करते!"

"तू तोंड उघडलंस तर ती पोरीला घेऊन डोंगरावरच्या कुरणात जाऊन बसेल. गप राहा गं बाई."

राहिले. जमलं कसं, माझं मलाच ठाऊक.

आजीच्या अंगणात मेंढा कापला, पोरं धावली. पहिली आली गावातलीच एक पोर, नुरझात. तिची पावलं एजेपेक्षाही आत!

"ही नको!" आजी किंचाळली. "पुन्हा पळा!"

पुन्हा नुरझातच. तिसऱ्या खेपेला आजीने तिच्या पुढ्यात बोरसोकची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, रास ओतली. पोरगी तोंडात बोरसोक कोंबून पळाली आणि तशीच जिंकली.

सगळं अंगण हसत होतं. आजी मटकन खाली बसली. तेव्हा एजे पुढे झाली. "आजी, माझी चाल लागली म्हणता? मग बघा, आयझिरेकचे अंगठे तर नाकासमोर सरळ आहेत. जरा ते लांब लाटणं द्या."

तिने आयझिरेकला लोकरीच्या नमद्यावर उताणी झोपवलं, टाचा जुळवून गुडघे उभे केले आणि वर लाटणं आडवं ठेवलं. ते डावीकडे घरंगळलं.

"लाटणंच वाकडं असेल," आजी म्हणाली.

मग तिने सगळ्या नातवंडांना आडवं केलं. लाटणं हललं नाही. शेवटी स्वतःच्या मुलालाही झोपवलं. तो बिचारा गावचा सरपंच, पाहुण्यांसमोर गुडघे वर करून पडला. तरी लाटणं जागचं हललं नाही. आजीने ते पुन्हा आयझिरेकच्या गुडघ्यांवर ठेवलं. घरंगळलं. ती बराच वेळ त्या खाली राहिलेल्या डाव्या गुडघ्यावर हात फिरवत राहिली.

"गाडी काढ," ती मुलाला म्हणाली.

शहरात हाडांच्या डॉक्टरने फोटो पाहिला आणि सांगितलं, उशीर झालाय, पण ऑपरेशनने सांधा बसेल. पोरीला घ्यायला त्याने हात पुढे केले. आजीने तिला छातीशी घट्ट धरलं.

"कापणार तू ना? आधी चालून दाखव," ती म्हणाली.

डॉक्टरने एजेकडे पाहिलं. एजेने मान डोलावली. तो दारापर्यंत गेला आणि परत आला.

"पुन्हा. सावकाश."

तो पुन्हा चालला. तेव्हा कुठे आजीने हात सैल केले.